बी ते बरणी: टोमॅटोच्या वहीतल्या नोंदी

आधी हिशोबाची पद्धत सांगते. पैशांचे आकडे इथे सापडणार नाहीत, कारण भाव जागोजागी वेगळे आणि महिन्यागणिक बदलणारे. प्रत्येक खर्चापुढे मी "तेवढ्या पैशांत बाजारातून किती किलो टोमॅटो आले असते" तेवढंच लिहिलंय. वाचताना हसू येईल. मलाही आलं, पण जरा उशिरा.

जागा: गच्चीचा एक कोपरा, सहा तास ऊन. माणसं: मी, नवरा, परीक्षेच्या वर्षातली लेक आणि सासूबाई. सासूबाईंनी जन्मभर झाडं लावली आणि त्याची एक ओळ कुठे लिहून ठेवली नाही.

दिवस १, रविवार

बियाण्याची दोन पाकिटं: एक मोठ्या लाल फळाचं, एक चेरीचं (लहान गोल टोमॅटो). पाकिटावरची बारीक अक्षरं या वेळी भिंग लावून वाचली. दोन्ही जाती वाढतच राहणाऱ्या, शेंडा थांबत नाही, म्हणजे आधार द्यावाच लागणार. ज्यांना ती कटकट नको त्यांनी ठराविक उंचीला थांबणारी, झुडपासारखी जात घ्यावी. तिला फळं मात्र साधारण एकदमच लागतात, त्याची तयारी ठेवावी.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये २४ खळगे, जुन्या कुंडीतली माती, प्रत्येकात एक बी, अर्धा सेंटिमीटर खोल. वरून प्लॅस्टिकची पिशवी.

खर्च: २ किलो. वेळ: पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं चालणारं पेन शोधण्यात.

दिवस ७, शनिवार

२४ पैकी १७ उगवली. पिशवी काढायला हवी होती. आतून दवाचे थेंब इतके छान दिसत होते की राहू दिली.

दिवस ११, बुधवार

सकाळी ट्रे पाहिला तर १४ रोपं आडवी. नीट वाकून पाहिलं. पानं अजून हिरवीगार, टवटवीत. फक्त देठ मातीला टेकतो तिथे पिचकून ओल्या दोऱ्यासारखा झालेला, तपकिरी. बोट लावलं की रोप तिथूनच सुटून हातात. उरलेली तीन संध्याकाळपर्यंत पडली.

हा रोपं कोलमडण्याचा रोग. मातीतल्या बुरशीमुळे होतो. तिला ओल आणि कोंदट हवा लागते, आणि मी दोन्हींची सोय चोख केली होती: पुठ्ठा पाणी धरून ठेवणारा, वर पिशवी, माती जुनी, आणि दिवसभर वेळ नाही म्हणून पाणी रोज रात्री झोपण्यापूर्वी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, रोज रात्री आंघोळ घालून ओल्या चादरीत झोपवतेस त्यांना. माणूस तरी टिकेल का?"

अकरा दिवस वाया.

दिवस १२, गुरुवार

पुन्हा पेरणी. या वेळी १२ प्लॅस्टिकचे पेले, बुडाला तीन-तीन भोकं, माती नवी. पेले पाण्याच्या ताटलीत वीस मिनिटं ठेवायचे, माती खालून ओढेल तेवढं पाणी घेऊ द्यायचं, मग ताटली रिकामी करायची. वरून थेंबही नाही. पहिला कोंब दिसला की झाकण काढायचं. बाराच्या बारा उगवली, एकही पडलं नाही.

दिवस २६, गुरुवार

नवी तक्रार: रोपं लांबडी. नऊ-दहा सेंटिमीटर उंच, पानं मोजून दोन जोड्या, आणि सगळी खिडकीकडे माना वळवून उभी. उजेड कमी पडतोय. आपल्याला खोली लख्ख वाटते, रोपाला ती अंधारीच असते.

लेकीचा टेबललॅम्प पांढऱ्या एलईडीचा आहे. ती शाळेत गेली की दिवा रोपांवर, दहा सेंटिमीटर उंचीवर. संध्याकाळी अभ्यासाला बसताना तिला तो परत. दोन दिवस परत ठेवायला विसरले, त्यावर झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.

लांबडी रोपं फेकू नका. टोमॅटोच्या देठाला, जिथे माती लागेल तिथे, मुळं फुटतात. लावताना खोल पुरली की लांबी उपयोगी पडते.

दिवस ३६, रविवार

आज ऊन दाखवायचं म्हणून सकाळी दहाला बाराही पेले गच्चीत मांडले. दोनला काढायला गेले तर पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे. आतापर्यंत घरात वाढलेली रोपं, एकदम चार तास भर उन्हात. तीन गेली, नऊ उरली.

उद्यापासून: पहिल्या दिवशी एक तास सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण दिवस. हे मला माहीत होतं. रविवार एकच असतो म्हणून घाई केली.

दिवस ५०, रविवार

लावणी. वीस लिटरच्या पाच बादल्या (चार नव्या, एक घरातली कान तुटलेली) आणि मिश्रण कमी पडलं म्हणून सहावं रोप दहा लिटरच्या कुंडीत. "यातही होईल की" असं मी म्हणाले होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१, २, ३: मोठी जात, बादलीत. ४, ५: चेरी, बादलीत. ६: मोठी जात, लहान कुंडीत. सगळ्यांना माती एकच: निम्मी बागेची माती, एक तृतीयांश कुजलेलं कंपोस्ट, बाकी नारळाचा भुसा.

खालची पानं खुडून देठाचा दोन तृतीयांश भाग मातीत. काठ्या आजच रोवल्या. नंतर रोवल्या तर मुळं तुटतात.

आता चूक. दोन बादल्यांना बुडाला भोकं पाडायचीच राहिली, आणि ते कळलं भरून, लावून, पाणी घालून झाल्यावर. वीस लिटर ओली माती नवऱ्याने आडवी धरली आणि मी तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडली. त्याची कंबर दोन दिवस धरली होती. भोकं आधी, माती नंतर.

खर्च: मिश्रण ११ किलो, बादल्या ८ किलो. अजून एक फूलही नाही.

दिवस ६३, शनिवार

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट खुडायला बसले. फोन खांद्यावर धरून खुडत होते. ३ नंबरचा मुख्य शेंडा खुडला. खालची एक बगलफूट राखली आणि तिलाच शेंडा मानला. दोन आठवडे मागे पडलं, पण सावरलं.

दिवस ७४, बुधवार

फुलं येतात आणि गळतात. देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळी होऊन टपकन खाली. आधी वाटलं खत कमी पडतंय, आणखी घालणार होते. सुदैवाने डबा संपला होता. आठवडाभर दुपारचा पारा ३५ अंशांच्या वर आहे. दिवसा साधारण ३२ आणि रात्री २१ अंशांच्या वर पारा टिकला की टोमॅटोचं फळ नीट धरत नाही, हे खताने सुटणारं दुखणं नाही. दुपारी जुनी पांढरी ओढणी वर बांधली, सावलीपुरती.

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, फक्त ते हललं पाहिजे. आडोशाच्या कोपऱ्यात वारा नाही, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाच्या मागे बॅटरीचा टूथब्रश दोन-दोन सेकंद टेकवला. उन्हाकडे धरून पाहिलं तर पिवळी पूड झडताना दिसते. टूथब्रश जुना होता, हे नवऱ्यासाठी लिहून ठेवते.

दिवस ८१, बुधवार

२ नंबर: नवी पानं लहान, वर वळलेली, कडा पिवळ्या, शेंडा मुठीसारखा गोळा झालेला. पान उलटलं की पांढरी माशी भुर्रकन उडते. पर्णगुच्छाचा विषाणू, माशी तो पसरवते आणि त्याला औषध नाही. मी तीन दिवस "बघू सुधारतंय का" करत बसले आणि तेवढ्यात माशी बाकीच्या झाडांवर गेली. आज उपटलं, पिशवीत बांधून कचऱ्यात. कंपोस्टात नाही.

उरलेल्यांवर कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, चार थेंब साबण. मोकळा वेळ मिळाला दुपारी, म्हणून दुपारी फवारलं. ४ नंबरची वरची पानं भाजली. फवारणी ऊन उतरल्यावरच, पानांच्या खालच्या बाजूने, दर पाच-सहा दिवसांनी. पिवळे चिकट सापळे लावल्यावर माशी किती आहे ते मोजता तरी येतं.

खर्च: तेल ३ किलो, सापळे १ किलो.

दिवस ९२, रविवार

या नोंदीसाठी सगळी वही वाचली तरी चालेल.

मधे चार दिवस आम्ही बाहेरगावी होतो. पाण्याचं काम लेकीकडे होतं, तिने ते एकदाच केलं आणि "भरपूर घातलं" असं सांगितलं. आज फळं उलटून पाहिली. वरून सुरेख, आणि बुडाला नाण्याएवढा डाग: काळपट, चपटा, आत दबलेला, हाताला चामड्यासारखा. कापलं तर आतही काळं. मऊ नाही, वास नाही.

मोजलं. १ आणि ३ नंबरवर मिळून १७ फळं, त्यात ४ डागी. ६ नंबरवर ८ फळं, त्यात ७ डागी. चेरीवर एकही नाही.

बुरशी समजून डागी फळं खुडली. मग कुठेतरी "कॅल्शियमची कमतरता" असं वाचलं आणि धावत कॅल्शियमचा फवारा आणला (४ किलो). शिवाय साठवलेली अंड्याची टरफलं मिक्सरमधून काढून प्रत्येक बादलीत मूठभर टाकली. दोन तास गेले आणि मिक्सरला अजून वास आहे.

दिवस ९९, रविवार

फरक शून्य. ६ नंबरवर आणखी दोन डागी.

रात्री वही पुढून वाचत गेले तेव्हा उजेड पडला. माती सगळ्यांना एकच. कॅल्शियम कमी असतं तर १ आणि ३ वरही असंच दिसायला हवं होतं. वेगळं काय? कुंडी. दहा लिटरची कुंडी सकाळी भरली तरी दुपारी बाराला कोरडी ठणठणीत, पानं लोंबलेली. संध्याकाळी मी पुन्हा धो धो पाणी घालायची. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबरच वर चढतं. पाणी तुटलं की तेही तुटतं, आणि जे चढतं त्यातला मोठा वाटा पानं ओढून घेतात, कारण पाणी जास्त तीच उडवतात. फळाचं बूड पंगतीत शेवटी. पानांवर फवारलेलं फळात उतरत नाही आणि टरफलं विरघळायला काही महिने लागतात. आज दिसणारा डाग फळ कोवळं असताना पडलेल्या खंडाचा आहे. तो आता कशानेच जाणार नाही.

केलेले बदल: ६ नंबर मातीच्या गड्ड्यासकट पंचवीस लिटरच्या टबात (२ किलो). सगळ्यांवर वाळक्या पानांचं चार बोटं आच्छादन. पाणी सकाळी, बुडातून निथळेपर्यंत. संध्याकाळी बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच. बाहेर जायचं असेल तर टोपणाला सुईने भोक पाडलेली पाण्याची बाटली उलटी रोवून ठेवायची, आणि आदल्या दिवशी करून पाहायची. माझ्या पहिल्या बाटलीतलं सगळं पाणी चाळीस मिनिटांत गेलं.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुंडी लहान होती." हो. तेवढंच.

दिवस ११३, रविवार

चेरी गेल्या आठवड्यापासून सुरू, रोज वाटीभर; स्वयंपाकघरापर्यंत एकही पोचत नाही. आज मोठ्यातली पहिली चार लाल. ६ नंबरवर नंतर धरलेल्या ९ फळांत डागी फक्त १. कॅल्शियमची बाटली तशीच आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.

खांद्याला पिवळी राहणारी फळं आजारी नाहीत. ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही. तळाशी जरा गुलाबी झाक आली की तोडून घरात ठेवली, छान पिकली. फ्रीजमध्ये ठेवलेली चवीला पाणचट झाली.

दिवस १२२, मंगळवार

उद्या जोराच्या पावसाचा इशारा आणि उद्याच लेकीचा गणिताचा पेपर. सुकलेल्या मातीवर एकदम पाणी पडलं की पिकत आलेली फळं तडकतात, म्हणून गुलाबी-लाल सगळी तोडली: ४.२ किलो. जास्त पिकलेली ठेवण्यासारखी नव्हती, म्हणून सॉस आजच.

घरातलं सगळ्यात मोठं पातेलं ॲल्युमिनियमचं. घेतलं. सालं काढायचा कंटाळा केला, चिरून सगळं त्यात. तासाभराने लेक सूत्रं म्हणून दाखवायला आली, मी वही धरून बसले, आणि नवव्या सूत्राला करपल्याचा वास. ढवळायला गेले, तळ खरवडला गेला आणि जळकं सगळीकडे मिसळलं. करपलं तर ढवळायचं नसतं. वरचं वर हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायचं असतं.

तरी चाखून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "पैसा चोखल्यासारखं लागतंय." ते करपल्याचं नव्हतं, पातेल्याचं होतं. टोमॅटोच्या आंबटाने ॲल्युमिनियम खाल्लं. रिकामं केल्यावर तळ आणि काठ यांच्या मधला पट्टा नव्यासारखा चकाकत होता. सालांच्या गुंडाळ्या दाताखाली येत होत्या ते वेगळंच.

४.२ किलो कंपोस्टात. गणिताचा पेपर बरा गेला.

दिवस १२९, मंगळवार

दुसरी खेप, ३.६ किलो. पसरट, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं शेजारून मागून आणलं.

फळाच्या बुडाला सुरीने फुली, उकळत्या पाण्यात ४० सेकंद, लगेच गार पाण्यात. फुलीची चार टोकं आपोआप उलटतात, तिथे धरून ओढलं की साल सटकन निघते. अर्ध्या फोडी चाळणीवर पिळून बिया आणि सुटं पाणी वेगळं केलं. ते रात्री सूपमध्ये गेलं. टोमॅटोत पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच, त्यातलं जेवढं आधी काढाल तेवढा गॅस वाचतो. थोड्या तेलात कांदा-लसूण परतून वर गर. एक तास ५० मिनिटं. पहिला तासभर मंद आचेवर अधूनमधून ढवळलं तरी चालतं. शेवटची पंचवीस मिनिटं जागेवरून हलायचं नाही, सूत्रं असोत नाहीतर फोन. शिंतोडे ओट्याच्या टाइल्सपर्यंत उडतात, म्हणून चाळणी पालथी घातली. चमच्याने तळावर रेघ ओढली आणि बाजूने पाणी झिरपलं नाही, की झालं. निघालं १.१ किलो.

बरण्या बाहेर, फडताळात ठेवायचा बेत होता. टाळला. हवाबंद बरणीत आंबटपणा पुरेसा नसेल, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली नसेल, तर बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा धोका असतो, आणि तो वासाने किंवा रंगाने कळेलच असं नाही. नुसत्या टोमॅटोच्या सॉससाठी अर्ध्या लिटरच्या बरणीला १५ मिली बाटलीतला लिंबाचा रस (ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो) आणि उकळत्या पाण्यात बुडवून ३५ मिनिटं, उंचावर राहत असाल तर अधिक. पण माझ्यात कांदा-लसूण होता, त्याने आंबटपणा कमी होतो, म्हणजे हे माप मला लागू नाही. सरळ फ्रीजर.

खर्च: काचेच्या बरण्या ५ किलो.

दिवस १३१, गुरुवार

फ्रीजरमध्ये एक बरणी तडकली. अर्ध्या किलोची, गळ्यापर्यंत भरलेली. गोठताना सॉस फुगतो, त्याला वर दोन बोटं जागा लागते, आणि निमुळत्या गळ्याची बरणी त्यासाठी चुकीचीच. काचेचा प्रश्न होता, म्हणून सगळी टाकली. उरलेला ६०० ग्रॅम बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या करून पिशवीत भरला. दोन वड्यांत चौघांची भाजी होते. बरण्या आता मोहरीला उपयोगी पडताहेत.

दिवस १४१, रविवार

झाडं थकली, खालची पानं तपकिरी, नवं फूल नाही. काढून टाकली. शेवटची हिरवी फळं पातळ कापून मिठात तासभर ठेवली, पिळली आणि कडक परतली. लेकीला सॉसपेक्षा हेच आवडलं.

एकूण उत्पन्न: मोठी १०.८ किलो, चेरी २.३ किलो, म्हणजे १३.१ किलो. खर्च: २ + ११ + ८ + ३ + १ + ४ + २ + ५ = ३६ किलो. बादल्या, टब, बरण्या पुढच्या खेपेला आहेतच, मातीत कंपोस्ट घालून तीही चालेल. कॅल्शियमला मात्र कुठे बसवावं ते सुचत नाही.

बी फक्त चेरीचं धरलं. मोठ्या जातीच्या पाकिटावर "एफ१" लिहिलंय, म्हणजे संकरित. त्याचं बी मूळ झाडासारखं येत नाही. पिकलेल्या फळांचा गर आणि बिया पेल्यात, थोडं पाणी, वर फडकं, तीन दिवस. बियांभोवतीचा बुळबुळीत थर आंबून सुटतो. पेला ओट्यावर ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी नवऱ्याने न बोलता गच्चीत नेऊन ठेवला.

दिवस १५०, मंगळवार

पहिल्या बिया टिशूवर वाळवल्या, त्या कागदासकट चिकटून बसल्या. बाकीच्या काचेच्या बशीवर, रोज बोटाने हलवून: नखाने टिचकी मारली की खुळखुळतात, म्हणजे वाळल्या. ६२ भरल्या. पाकिटावर तारीख घातली.

दुपारी बशीपाशी गेले तर सासूबाई वीस बिया मोजून कागदाच्या पुडीत बांधत होत्या. कशाला म्हणून विचारलं.

"एक बादली मी लावणार आहे. मोठी. आणि तुझी ती वही माझ्या बादलीपाशी आणायची नाही."